अश्रू, स्नान आणि निद्रा

दफनविधी आटोपून माणसे घरी परततात. अंगणात मांडलेल्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या होतात. शेजारच्या घरून पेज येते, कोणीतरी अल्तारासमोर मेणबत्ती लावते, जपमाळेची प्रार्थना होते आणि रात्री उशिरा घरची माणसे एकटी उरतात. दिवसभर ऐकलेली वाक्ये तेव्हा कानांत घुमत असतात. ‘रडू नका, ती देवाघरी गेली.’ ‘आपण श्रद्धावंत माणसे, असे खचून कसे चालेल?’ बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु ज्याच्या छातीवर धोंडा ठेवल्यासारखे झाले आहे, ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, डोळे मिटले तरी ज्याला झोप येत नाही, त्याने आपल्या ह्या देहाचे काय करावे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

आत्म्याच्या सांत्वनाविषयी आपण चर्चमध्ये पुष्कळ ऐकतो. शोक देहालाही होतो, आणि देहाच्या वाटेनेही त्याच्यावर फुंकर घालता येते, ह्याविषयी क्वचितच ऐकतो. मग ख्रिस्तसभेच्या दीर्घ इतिहासात ह्या गोष्टीचा विचार झालाच नाही काय? झाला आहे, आणि तोही थोरामोठ्या संतांनी केला आहे. त्या विचाराचा माग घेत आम्ही सोळा शतके मागे, इटलीच्या किनाऱ्यावरील एका बंदरगावी जाणार आहोत. वाचकांनी आमच्यासोबत यावे.

इ. स. 387 साल. रोमजवळील ओस्तिया बंदरात एक आफ्रिकी कुटुंब जहाजाची वाट पाहत मुक्कामाला होते. त्याच वर्षीच्या ईस्टरला मिलान येथे बिशप अँब्रोज ह्यांच्या हातून अगस्तीनचा बाप्तिस्मा झाला होता. सोबत त्याचा किशोरवयीन मुलगा आदेओदातुस होता आणि त्याची आई मोनिका होती. ज्या मुलासाठी तिने वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, तो अखेर ख्रिस्तचरणी आला होता. आता मायदेशी परतायचे एवढेच उरले होते. पण मोनिकाला ताप भरला आणि आजाराच्या नवव्या दिवशी तिने प्राण सोडला. तेव्हा ती छप्पन वर्षांची होती आणि अगस्तीन तेहतीस वर्षांचा. आपला देह कोठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मुलांना मागितले होते.

पुढे जे घडले ते अगस्तीनने सुमारे दहा वर्षांनी लिहावयास घेतलेल्या ‘कन्फेशन्स’ ह्या आत्मनिवेदनाच्या नवव्या भागात नोंदवून ठेवले आहे. त्याने आईचे डोळे मिटले. आतून हुंदका दाटून आला; परंतु त्याने मनाच्या जोरावर तो मागे लोटला. आदेओदातुस मात्र मोठ्याने रडू लागला. तेव्हा सर्वांनी मिळून त्याला गप्प केले. मोनिकाचा मृत्यू हा श्रद्धावंत स्त्रीचा मृत्यू होता. त्याला आक्रोश शोभत नाही, अशी त्यांची धारणा होती. अगस्तीनचा मित्र एवोदियुस ह्याने स्तोत्र म्हणावयास प्रारंभ केला आणि घरातल्यांनी त्याला साथ दिली. भेटीस आलेल्या मंडळींशी अगस्तीन शांतपणे बोलत राहिला. ह्याला दुःखच झालेले नाही, असे त्यांना वाटले. मातेचा देह कबरीपाशी ठेवून ख्रिस्तयज्ञ अर्पण झाला, तेव्हाही त्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही.

वाचकहो, हे दृश्य आपल्या ओळखीचे नाही काय? आलेल्या-गेलेल्यांची व्यवस्था पाहणारा, फादरांशी मिस्साच्या वेळेविषयी बोलणारा, ‘किती धीराचा आहे!’ म्हणून ज्याची वाखाणणी होते असा थोरला मुलगा आपण सर्वांनी पाहिला आहे. आपल्यापैकी काहींनी ती भूमिका स्वतः वठवली आहे.

आता ह्या कथेतील एक लहानशी घटना पाहू. वाचणारे ती सहसा ओलांडून पुढे जातात. दुःखाचे ओझे कोणत्याही उपायाने हलके होईना, तेव्हा अगस्तीन स्नानाला गेला. रोमन जगात सार्वजनिक स्नानगृहे गावोगावी असत आणि ओस्तिया त्यांसाठी प्रसिद्धच होते. त्यांचे अवशेष आजही तेथे पाहावयास मिळतात. स्नानगृहाच्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘मनातील चिंता घालविणारे’ असा आहे, असे अगस्तीनने ऐकले होते. म्हणून तो गेला. आणि उपयोग काय झाला? काहीच नाही. स्नानापूर्वी तो जसा होता तसाच स्नानानंतर राहिला. अंतःकरणातील कडवटपणा घामावाटे निघून गेला नाही, असे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

मग तो झोपला. जाग आली तेव्हा दुःख बरेच मवाळ झाल्याचे त्याला जाणवले. अंथरुणात एकटाच पडलेला असताना त्याला अँब्रोज ह्यांनी रचलेले संध्यासमयीचे स्तुतिगीत आठवले. थकलेल्या अवयवांना आणि शोकाने शिणलेल्या मनाला देव निद्रेच्या द्वारे विसावा देतो, असा त्या गीताचा आशय आहे. त्यानंतर हळूहळू आईची आठवण परतली: तिचा स्वभाव, तिची भक्ती, तिची माया. आणि दिवसभर कोंडलेले अश्रू त्याने मोकळे सोडले. आपल्या आईसाठी मी तासाचा एक अंश रडलो हे ज्याला पाप वाटेल त्याने मला हसू नये, अशी विनवणीही त्याने वाचकाला केली आहे. ज्या मुलाला दुपारी सर्वांनी गप्प केले होते, तोच मुलगा खरे तर बरोबर होता, हे त्या पहाटे त्याच्या बापाला उमगले असावे, असे आम्हांस वाटते.

स्नान निष्फळ ठरले, हे सांगण्याचा मोकळेपणा अगस्तीनपाशी आहे, म्हणूनच त्याच्या साक्षीवर आमचा विश्वास बसतो. देहाचा कोणताही उपाय शोक धुऊन टाकीत नाही. तो एवढेच करतो की ताठरलेल्या शरीराला थोडे सैल करतो. आणि शरीर सैल झाले की अश्रूंना वाट मिळते.

हे सारे पवित्र शास्त्राला नवे नव्हते. रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे झाले’ म्हणत मरण मागणाऱ्या संदेष्टा एलियाला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले. मग स्पर्श करून उठविले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे दाखविले. पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. होरेब पर्वतावर देवाचा मंद स्वर ऐकू आला तो ह्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर नुसते बसून राहिले. जोवर ते गप्प होते तोवर त्यांचे वागणे बरोबर होते, बोलू लागले आणि चुकले. योहान बाप्तिस्ताच्या वधाची वार्ता कळताच आपला प्रभू नावेत बसून एकांत स्थळी निघाला. आणि लाजरसाच्या कबरीपाशी, त्याला आपण उठविणार हे ठाऊक असूनही, प्रभू रडला. पुनरुत्थानावरील श्रद्धा आणि अश्रू ह्यांचे वैर असते, तर प्रभू तेथे रडला नसता.

अगस्तीननंतर जवळजवळ नऊ शतके लोटली. तेराव्या शतकात डोमिनिकन संघाचे संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ ह्या महाग्रंथाच्या दुसऱ्या खंडात मानवी भावनांचे विवेचन केले, आणि त्यात दुःखावर उपाय कोणते, हा प्रश्न स्वतंत्रपणे घेतला. त्यांनी पाच उपाय सांगितले आहेत: कोणताही उचित आनंद, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि पाचवा उपाय निद्रा व स्नान. तत्त्वज्ञानाच्या त्या उत्तुंग इमारतीत झोपेला आणि आंघोळीला मानाने जागा मिळालेली पाहून आधुनिक वाचक थबकतो. थॉमस ह्यांनी आधार दिला आहे तो ओस्तियाच्या त्याच रात्रीचा. अगस्तीनचे स्नान, अगस्तीनची झोप, अँब्रोज ह्यांचे गीत, सारे तेथे आले आहे.

त्यांची कारणमीमांसा मननीय आहे. अश्रूंविषयी ते म्हणतात की आत कोंडून ठेवलेली वेदना अधिक बोचते, कारण सारे लक्ष तिच्यावरच खिळते. ती बाहेर आली की लक्ष विखुरते आणि दुःख उणावते. मित्रांविषयी त्यांचे म्हणणे असे की दुःख हे ओझ्यासारखे असते, दुसऱ्याने हात लावला की ते हलके भासते. आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे आपल्यावर कोणाचे प्रेम आहे हे त्या वेळी कळते. झोप आणि स्नान ह्यांविषयी त्यांनी स्वतःच शंका उपस्थित केली आहे: दुःख तर आत्म्यात असते, मग देहाच्या उपचारांनी ते कसे शमेल? उत्तर असे की शोक हा शरीराच्या जीवनदायी हालचालीला अडथळा आणतो. जे जे देहाला त्याच्या स्वाभाविक स्थितीत परत आणते ते ते शोकाच्या विरुद्ध काम करते, आणि देहाला लाभलेली स्वस्थता अंतःकरणापर्यंत पोहोचते. इतर सर्व विकारांपेक्षा दुःख देहाला अधिक अपाय करते, असेही त्यांनी त्याआधी नमूद केले आहे.

हा विचार केवळ ग्रंथांत राहिला नाही. तो प्रार्थनेच्या रीतीतही उतरला. लोयोलाचे संत इग्नाती ह्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या पुस्तकास 1548 साली पोप तिसरे पॉल ह्यांची मान्यता मिळाली. त्यात प्रार्थनेच्या तीन पद्धती दिल्या आहेत. तिसरी पद्धत श्वासाची आहे. ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ ह्या प्रार्थनेतील एकेक शब्द एकेका श्वासासोबत म्हणायचा आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्या शब्दाच्या अर्थावर मन ठेवायचे. गुडघे टेकून, साष्टांग पडून, उताणे निजून, बसून वा उभे राहून, ज्या स्थितीत हवे ते गवसेल त्या स्थितीत थांबावे, घाई करू नये, असेही इग्नाती सांगतात. साधनेच्या अखेरच्या सप्ताहात, पुनरुत्थित प्रभूच्या आनंदात सहभागी होताना, उन्हाळ्यातील गारवा आणि थंडीतील ऊब ह्यांचाही लाभ घ्यावा, अशी सूचना त्यांनी केली आहे. सैनिकी शिस्तीचा म्हणून ओळखला जाणारा हा संत देहाशी किती हळुवारपणे वागावयास शिकवतो!

इग्नातींच्या ह्याच परंपरेतील एक धर्मगुरू आपल्या जवळचे होते. फादर अँथनी डिमेलो ह्यांचा जन्म 1931 साली मुंबईत झाला. येशू संघात प्रवेश केल्यावर त्यांनी पुढे 1973 साली पुण्यात ‘साधना’ ही संस्था सुरू केली. नंतर ती लोणावळ्यास गेली. 1978 साली त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. त्याचा आरंभच देहाच्या जाणिवेने होतो. खांद्यांना होणारा कपड्यांचा स्पर्श, खुर्चीला टेकलेली पाठ, एकमेकांत गुंतलेले हात, नाकपुड्यांतून येणारा-जाणारा श्वास: हे केवळ अनुभवावे, त्यात काही बदलू नये, आणि त्या शांततेतून प्रार्थनेकडे वळावे. 1987 साली त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1998 साली रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने फादर डिमेलो ह्यांच्या काही लेखनाविषयी सावधगिरीची सूचना प्रसृत केली. त्यांचे आरंभीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत होते, पुढील लेखन मात्र त्यापासून हळूहळू दूर गेले, असा तिचा अभिप्राय होता. त्याआधी 1989 साली त्याच मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना एक पत्र लिहिले होते. शरीराची स्थिती आणि श्वासाची लय प्रार्थनेस साहाय्यक ठरू शकते, हे त्या पत्राने मान्य केले. परंतु अशा सरावातून लाभणारी शांतता किंवा ऊब म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन, असे समजू नये, असा इशाराही दिला. आम्हांस हा विवेक मोलाचा वाटतो. श्वास हा दार उघडतो. दारातून येणारा तो दुसराच आहे.

विज्ञानानेही अलीकडे ह्या जुन्या शहाणपणास काही प्रमाणात दुजोरा दिला आहे. 1990 साली जपानमधील डॉक्टरांनी हृदयाचा एक विकार प्रथम वर्णिला. तीव्र मानसिक आघातानंतर, कित्येकदा जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर, हृदयाचा एक भाग फुगतो आणि त्याचा आकार तेथील कोळी ज्या मडक्यात ऑक्टोपस पकडतात त्या मडक्यासारखा दिसतो. म्हणून त्या मडक्याचेच नाव, ‘ताकोत्सुबो’, त्या विकाराला मिळाले. शोक देहाला अपाय करतो हे थॉमस ह्यांचे विधान अलंकारिक नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या हातातल्या जपमाळेचे आहे. इटलीतील पाविया येथील लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली 23 निरोगी व्यक्तींवर एक प्रयोग केला. लॅटिन भाषेत ‘आवे मारिया’ म्हणताना, तसेच बौद्ध परंपरेतील एक मंत्र म्हणताना, त्यांचा श्वास संथ होऊन मिनिटाला सुमारे सहा एवढ्या लयीत आला, आणि हृदय व रक्ताभिसरण ह्यांच्या लयीही त्याच्याशी जुळल्या, असे त्यांना आढळले. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची आणि उरलेली अर्धी इतरांनी, ही आपल्या घरोघरची रीत. मृताच्या घरी जमलेली माणसे जपमाळ म्हणतात तेव्हा ती मृतासाठी प्रार्थना करीतच असतात. पण त्याच वेळी, नकळत, ती शोकाकुल माणसाला एकत्र श्वास घ्यावयास शिकवीत असतात. आपल्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते. त्यांनी केवळ सुनेच्या हातात मणी दिले आणि तिच्या शेजारी बसून राहिल्या.

ह्या साऱ्याची किंमत आपल्याला कळली ती 2020 आणि 2021 साली. कोरोनाच्या त्या दिवसांत कित्येक घरांना आपल्या माणसाचा हात हाती धरता आला नाही, कपाळावर शेवटचा हात फिरविता आला नाही. दफनाला मोजकी माणसे, तीही अंतर राखून. सांत्वनाचे शब्द फोनवर आले. सांत्वनाचे हात आले नाहीत. पेज आली ती दाराबाहेर ठेवली गेली. त्या काळातील शोक कित्येकांच्या अंगात अजून तसाच गोठलेला आहे. धार्मिक विधी पुढे यथासांग झाले, स्मरणार्थ मिस्सा अर्पण झाल्या. पण देहाला निरोप घ्यायचा राहून गेला.

म्हणून आम्ही सुचवितो ते अगदी साधे आहे आणि ते नवेही नाही. शोक झालेल्या घरी गेलो तर उपदेश थोडा वेळ बाजूला ठेवावा. शेजारी बसावे. पाणी तापवून द्यावे आणि ‘आंघोळ करून घ्या’ असे म्हणावे. जेवणाचा आग्रह न करता पेजेची वाटी हातात द्यावी. मुलांना सांभाळावे, म्हणजे त्यांच्या आईला दोन तास झोपता येईल. काही दिवसांनी, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, कबरस्तानापर्यंत तिच्यासोबत चालत जावे. बोलणे झाले तर झाले. ज्याला रात्री झोप येत नाही त्याने पाय जमिनीला टेकवून बसावे, श्वास सावकाश आत घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा आणि प्रत्येक श्वासासोबत येशूचे नाव घ्यावे. डोळे भरून आले तर थांबवू नये. पहिल्या दिवशी ह्याने काहीच होणार नाही. अगस्तीनचेही झाले नव्हते. आणि महिने लोटूनही झोप व अन्न परत येत नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. देवाने दिलेल्या देहाची निगा राखणे हा श्रद्धेचाच भाग आहे.

ऑगस्टच्या 27 तारखेला आपण संत मोनिकाचा सण पाळतो आणि दुसऱ्याच दिवशी संत अगस्तीनचा. आई आणि मुलगा पंचांगात शेजारी-शेजारी उभे आहेत. ओस्तियात पुरलेले मोनिकाचे अवशेष 1430 साली रोमला नेण्यात आले. पुढे 1945 साली ओस्तियात जमीन खणताना तिच्या नावे कोरलेल्या शिलालेखाचा एक संगमरवरी तुकडा सापडला. आदेओदातुसला मात्र सण नाही आणि शिलालेखही नाही. आजी गेल्यावर मोठ्याने रडणारा तो बुद्धिमान मुलगा आफ्रिकेला परतल्यावर थोड्याच वर्षांत, तारुण्याच्या उंबरठ्यावर मरण पावला. त्या वेळी बापाने काय केले, ह्याविषयी ‘कन्फेशन्स’मध्ये तपशील नाही. एवढीच आशा आम्ही करतो की त्या खेपेस अगस्तीनने कोणाला गप्प केले नसेल, आणि त्यालाही कोणी गप्प केले नसेल.

पुढच्या वेळी आपल्या धर्मग्रामातील एखाद्या घरी मूल रडू लागले, तर आपण त्याला गप्प करू नये. त्याला जवळ घ्यावे, आणि जमले तर त्याच्यासोबत रडावे.